चारकोपचो कोंबो

तीन पिल्लं फुकट मिळाली, तिथेच सुबोध परबला शंका यायला हवी होती. वीस वर्षं विमा कंपनीच्या दावे विभागात काढलेला माणूस. लोकांच्या बुडालेल्या गाड्या आणि जळालेली दुकानं तो ज्या नजरेने तपासतो, ती नजर त्या रविवारी नेमकी घरी राहिली होती. पनवेलच्या पुढचा तो हॅचरीवाला पन्नासच्या खाली पिल्लं द्यायला तयार नव्हता. सुबोधने त्याला वडिलांचं वय सांगितलं, वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं, चारकोपच्या आपल्या बैठ्या घरामागच्या अंगणाची लांबी-रुंदी सांगितली. शेवटी कंटाळून हॅचरीवाल्याने बाजूला ठेवलेल्या टोपलीतून तीन पिल्लं उचलली, बुटाच्या खोक्यात टाकली आणि म्हणाला, "घेऊन जा साहेब, पैसे नकोत." ती टोपली बाजूला का ठेवली होती, हे सुबोधने विचारलं नाही.

घरी भाऊ वाट बघत होते. भाऊ म्हणजे सुबोधचे वडील, गुणाजी परब, वय एकोणऐंशी. तरुणपण गिरणीत गेलं, गिरणी गेल्यावर ते गावी गेले, आणि सुबोधची आई गेल्यापासून कुडाळजवळच्या त्या घरात एकटेच राहत होते. मागच्या वैशाखात विहिरीच्या पायरीवर पाय घसरला. शेजारचं कोणी पाणी भरायला येईपर्यंत दोन तास तिथेच पडून होते. सुबोधने त्यांना चारकोपला आणलं, गुडघा झाला, काठी सुटली, आणि काठी सुटल्या दिवशी भाऊंनी जाहीर केलं, "शिमग्याक मी गावाक जातंय. आता थंयच रवतलंय."

ते दोन तास सुबोधच्या डोक्यातून जात नव्हते. भाऊंनी जाऊ नये असं त्याला फार वाटत होतं. पण परबांच्या घरात असलं काही तोंडाने बोलायची पद्धत नाही. तिथे जीव ओवाळून टाकायचा झाला तरी "जेवलास?" एवढ्यावर भागवतात. म्हणून सुबोधने विचार केला, की लहानपणी कोंबड्यांत वाढलेल्या माणसाला कोंबड्या आणून द्याव्यात. जीव रमेल. मग कशाला जातील?

त्याची बायको श्वेता गोरेगावच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे ती उत्तर आधी सांगते. खोक्यात डोकावून ती म्हणाली, "म्हणजे भाऊंना 'थांबा' म्हणायला तुला तोंड नाही, म्हणून तू ह्या तीन चिमण्या जिवांना कामाला लावलंयस."

भाऊंनी एकेक पिल्लू तळहातावर घेतलं, उलटं केलं, फुंकर मारून पिसं बाजूला केली आणि पुन्हा खोक्यात ठेवलं. "तीन आठवडे जाव दे," ते म्हणाले. "मगे सांगतंय कोंबो की कोंबडी. माझी नजर आजपातूर चुकाक नाय."

"मग शिमग्याला..." सुबोधने चाचपून बघितलं.

"जगली तर बघूया," भाऊ म्हणाले. एवढ्यावर सुबोधची छाती दोन इंच फुगली. पिल्लं जगली की भाऊ राहिले. आता पिल्लं जगवायची म्हणजे काय मोठं काम होतं?

पहिलं काम बल्बचं होतं. पिल्लांना आईची ऊब नाही, तेव्हा साठ वॉटचा बल्ब लावा, असं हॅचरीवाल्याने सांगितलं होतं. सेक्टरमधल्या विजेच्या दुकानदाराने सुबोधकडे कीव आल्यासारखं बघितलं. "साठ? कुठल्या जमान्यात आहात? हा नऊचा एलईडी घ्या. साठइतकाच उजेड. लाईट बिल निम्मं." बिल निम्मं हे शब्द ऐकले की मध्यमवर्गीय माणसाचा विवेक जागच्या जागी बसतो. सुबोधने तो खोक्यावर लटकवला. खोकं असं उजळलं की पिल्लांना मोतीबिंदू असता तर तोही काढता आला असता.

सकाळी तीन पिल्लांमधलं एक थंडगार पडलं होतं आणि उरलेली दोघं त्याच्यावर चढून थरथरत होती. भाऊंनी बल्बला हात लावला. "दिवो थंड आसा," ते म्हणाले. मेलेलं पिल्लू त्यांनी जास्वंदीच्या मुळाशी पुरलं, हात धुतले आणि माळ्यावरची आपली निळी बॅग खाली काढून झटकून पलंगाखाली ठेवली.

सुबोधला ते झटकणं जिव्हारी लागलं. त्याने ऑफिसात पोटदुखी कळवली आणि जुना पिवळा बल्ब शोधायला बाहेर पडला. चार सेक्टर, सात दुकानं आणि इंडस्ट्रियल इस्टेटमधलं भंगाराचं गोदाम पालथं घातलं. साठचा बल्ब मागणारा माणूस काहीतरी भानगड करतोय असाच प्रत्येकाचा चेहरा होता. शेवटी तो सापडला शेजारच्या माधुरीवहिनींकडे, त्यांच्या बाथरूममध्ये, चालू अवस्थेत. वहिनींनी तो खुशाल काढून दिला, पण सोबत सल्लाही दिला. वहिनी तेरा बाळंतपणं निस्तरलेल्या होत्या, त्यातली दोन स्वतःची. "लहान जीव तो लहान जीव, सुबोध. शेक हवा, धुरी हवी. मी येते संध्याकाळी."

वहिनी संध्याकाळी येईपर्यंत आणखी दोन गोष्टी झाल्या. खोक्यात सुबोधने स्वच्छ म्हणून वर्तमानपत्र घातलं होतं. त्या गुळगुळीत कागदावर धाकट्या पिल्लाचे पाय दोन दिशांना सरकले ते सरकलेच, आणि ते पोटावर पसरलं. भाऊंनी कागद काढून गोणपाट घालायला लावलं आणि दोन्ही पाय योग्य अंतरावर आणून चिकटपट्टीने बांधायला सांगितले. घरात होती ती चिकटपट्टी भाची ठेवून गेलेली, गुलाबी, त्यावर हसरे हत्ती. पायात हत्ती बांधलेलं ते पिल्लू दोन पावलं उड्या मारत गेलं, आणि चारकोपला आल्यापासून भाऊ पहिल्यांदा मोकळेपणी हसले. सुबोधने ते हसू मनात जपून ठेवलं.

दुसरी गोष्ट सांगायला जरा संकोच वाटतो, पण ती घडली. थोरल्या पिल्लाची विष्ठा पिसांना चिकटून मागची वाट बंद झाली होती. "बूड बंद झालाहा. ऊन पाण्यान पूस, नायतर संध्याकाळपर्यंत जातला," भाऊ म्हणाले. त्यांना स्वतःला गुडघ्यामुळे खाली बसता येत नव्हतं आणि फार वेळ उभंही राहवत नव्हतं. तेव्हा दावे विभागाचे उपव्यवस्थापक सुबोध गुणाजी परब स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे राहिले, डाव्या हातात पिल्लू, उजव्या हातात कोमट पाण्यात भिजवलेला कापूस, आणि समोर फोनवर ऑफिसची व्हिडिओ मीटिंग, कारण पोटदुखी असली तरी मीटिंगला हजर राहा असा साहेबांचा निरोप होता. कॅमेरा बंद आहे अशी त्याची समजूत होती.

"परब," साहेब बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुम्ही ते जे काही करताय, ते झालं की बोला."

पिल्लू वाचलं. सुबोधच्या ऑफिसातल्या इभ्रतीबद्दल तसं म्हणता येणार नाही. पुढचे कित्येक दिवस लोक त्याच्याशी हस्तांदोलन करायचं टाळत होते.

संध्याकाळी माधुरीवहिनी लोखंडी घमेलं, निखारे, ओवा, वावडिंग आणि सहाणेएवढा आत्मविश्वास घेऊन आल्या. भाऊ त्या वेळी बागेत फेरी मारायला गेले होते, नाहीतर पुढचं टळलं असतं. नवजात बाळाला धुरी देतात तशी त्यांनी अंगणात पिल्लांच्या खोक्याला धुरी दिली. ओव्याचा असा काही ढग उठला की पिल्लं चोच उघडून धापा टाकायला लागली, सुबोधने खोकं उचलून घरात पळवलं, मागोमाग धूरही घरात आला, आणि तीन घरं सोडून राहणारे सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश वाळूची लाल बादली घेऊन धावत आले. ही बादली त्यांनी सहा वर्षांपूर्वी भिंतीला टांगली होती आणि ती वापरायची संधी ते तेव्हापासून शोधत होते.

आग नाही हे बघून ते हिरमुसले. मग त्यांना खोकं दिसलं, आणि ते पुन्हा टवटवीत झाले.

"परमिशन घेतलीये?"

"कोंबडीच्या पिल्लांना कसली परमिशन?"

"पाळीव प्राण्यांचा फॉर्म आहे ना. नियम म्हणजे नियम, परब. तुम्हाला मी सांगायला नको."

फॉर्म कुत्र्यांसाठी केलेला होता. जात, रंग, पट्ट्याचा क्रमांक, रेबीजची लस, चावण्याचा पूर्वेतिहास. सुबोधने ओळीने 'लागू नाही' लिहिलं. चंद्रप्रकाश म्हणाले की इतके 'लागू नाही' असलेला फॉर्म कमिटी ग्राह्य धरत नाही. हे वाक्य सुबोध स्वतः आठवड्यातून दहा वेळा लोकांना ऐकवत असे. समोरून ऐकताना ते किती लागतं हे त्याला त्या दिवशी कळलं.

"आणि हा रकाना महत्त्वाचा," चंद्रप्रकाशांनी बोट ठेवलं. "लिंग. कोंबडा नाही ना? पहाटे चारला बांग देणार असेल तर त्याच दिवशी बाहेर. एकदम क्लिअर सांगतो."

पिल्लं जेमतेम दोन-तीन दिवसांची होती. ब्रह्मदेवालाच काय ते माहीत. पण सुबोधला पलंगाखालची निळी बॅग आठवली. त्याने पेन टेकवलं आणि जन्मात पहिल्यांदा, खात्री नसताना, स्वच्छ अक्षरात लिहिलं: मादी. खाली सही केली. असा अर्ज त्याच्या टेबलावर आला असता तर त्याने अर्जदाराला घाम फोडला असता.

जाताना चंद्रप्रकाश म्हणाले, "आणि वास आला तर बघा हं."

या एका वाक्याने सगळा घात केला. वास येऊ नये म्हणून सुबोध रोज ऑफिसला जाण्याआधी पिल्लांचं खोकं पाण्याने आणि फिनेलने धुऊन काढू लागला. आता खोकं मोठं, प्लास्टिकचं होतं. मध्यमवर्गीय घरात स्वच्छता म्हणजे पाणी. जितकं पाणी तितकी स्वच्छता. भाऊ सकाळी फिरायला जात, तेवढ्यात हा धुऊन, वर भुसा पसरून मोकळा होई. भुसा खालून ओला राहतो हे त्याला दिसत नव्हतं. दिसत होती ती आपली टापटीप. श्वेताने एकदा म्हटलंही, "अरे, पोरांचं अंथरूण आहे ते, बाथरूम नाही." पण स्वच्छतेच्या बाबतीत सुबोध कोणाचं ऐकत नाही.

चौथा आठवडा लागला आणि दोन्ही पिल्लं पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसली. भुशावर रक्त दिसलं. सुबोधने दोघांना टोपलीत घातलं आणि रिक्षाने डॉक्टर निधींचा दवाखाना गाठला. तिथे एका बाजूला पट्टेदार मांजर, दुसऱ्या बाजूला कोट घातलेला कुत्रा, आणि मध्ये टोपलीवर स्वतःचा शर्ट पांघरून बनियनवर बसलेला सुबोध. मांजराची मालकीण सरकून बसली. मांजर मात्र जवळ सरकलं.

डॉक्टर निधी तरुण होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या. "रक्ती हगवण आहे. खालचा भुसा ओला राहतो का?"

"छे! मी रोज धुतो. स्वतः."

"रोज धुता?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे रोज ओलं करता. ओलाव्यातच हे जंतू वाढतात. कोरडं ठेवायचं असतं हो, कोरडं. हे औषध पाण्यातून पाच दिवस. मोठं फारच गळालंय. लहानाचंही मी सांगू शकत नाही."

मोठं पिल्लू रिक्षातच गेलं. सुबोध सिग्नलला थांबलेल्या रिक्षात टोपलीवर हात ठेवून बसला आणि त्याला रडू आलं. एका मूठभर पिल्लासाठी रडतोय याची लाज वाटली, आणि ते पिल्लासाठी नाही हे कळल्यावर आणखी रडू आलं.

भाऊंनी जास्वंदीशी दुसरा खड्डा केला. सुबोधने स्वतःची चूक सांगितली. सगळी, फिनेलसकट. भाऊंनी मान हलवली. दुपारी बॅग पलंगाखालून निघून पलंगावर आली आणि तिच्यात दोन लेंगे घडी घालून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भाऊ फिरायला गेले आहेत असं बघून, सुबोध अंगणात आला. कोरड्या भुशावर ते हत्तीवालं धाकटं पिल्लू मान टाकून बसलं होतं. पट्टी सुटली होती, पाय सरळ झाले होते, पण आता उभं राहायला जीव नव्हता. सुबोध देवाधर्माची टिंगल करणाऱ्यांतला. गावी भाऊ राखणदाराला, म्हणजे गावाच्या रक्षक देवाला, गाऱ्हाणं घालत आणि बाकीचे मागून 'व्हय म्हाराजा' म्हणत, तेव्हा हा मागे उभा राहून घड्याळ बघत असे. पण आता त्याने चपला काढल्या, कपडे वाळत घालायच्या दोरीखालून वाकून दक्षिणेकडे, म्हणजे माधुरीवहिनींच्या भिंतीकडे, तोंड केलं आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," त्याने सुरुवात तर झकास केली. पुढचं आठवेना. मग जी भाषा येत होती ती आली. "गावच्या राखणदारा... सदर पिल्लू माझ्या हलगर्जीपणामुळे आजारी पडलेलं आहे. त्यात त्याचा स्वतःचा काहीही दोष नाही. औषध चालू आहे, पावती जोडलेली... म्हणजे आहे माझ्याकडे. तर सदर पिल्लू जगल्यास, आणि पूर्ण वाढ झाल्यास, मी तुला कोंबडा देईन. हेच पिल्लू देईन. बदली दुसरं देणार नाही, त्याबाबत निश्चिंत असावं. आणि... आणि आमच्या भाऊंना इथेच राहू दे रे. तिथे विहिरीवर त्यांना कोण बघणार?"

"व्हय म्हाराजा!" मागून खणखणीत आवाज आला.

सुबोध जागच्या जागी गोठला. स्वयंपाकघराच्या दारात भाऊ उभे होते. त्या दिवशी ते फिरायला गेलेच नव्हते.

"व्हय म्हाराजा," भिंतीपलीकडून माधुरीवहिनीही म्हणाल्या. त्यांना काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, पण त्या कशातच मागे राहत नसत.

भाऊ हळूहळू पायऱ्या उतरले. गुडघा धरून, कण्हत, ते भुशाशी चक्क खाली बसले. शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी पिल्लू हातात घेतलं, पंख ताणून बघितला, पाय बघितले, डोक्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कोंबो आसा."

"नक्की?" सुबोधचा जीव घाबरा झाला.

"माझी नजर आजपातूर चुकाक नाय म्हणान सांगललंय मां? कोंबो. आणि तू नवस बोललंस तो ह्याचोच. आता ह्येका जगवूकच व्हयो."

पाच दिवस भाऊंनी पिल्लाला स्वेटरच्या आत, पोटाशी ठेवलं. तासातासाला बोटाने औषधाचं पाणी चोचीला लावलं. जेवण, झोप, टीव्हीवरच्या बातम्या सगळं पिल्लासकट. सुबोध ऑफिसातून दर अर्ध्या तासाने फोन करी आणि श्वेता दर वेळी एकच उत्तर देई, "आहे. दोघंही आहेत." पाचव्या दिवशी स्वेटरमधून चिवचिव ऐकू आली आणि पिल्लाने भाऊंच्या बंडीचं बटण टोचलं. त्या रात्री घरात श्रीखंड आलं.

आनंद ओसरल्यावर श्वेताने गणित मांडलं. "थांब. जगवलं कशाला? तर मोठं करून देवाला कापायला. आणि कोंबडा असेल तर आरवणार. आरवला की चंद्रप्रकाश हाकलणार. सोसायटीला मादी सांगितलीयस आणि देवाला कोंबडा. सुबोध, तू दोन्हीकडून गेलास यार."

तेव्हापासून सुबोधची पहाटेची झोप उडाली. रोज चारला तो डोळे टक्क उघडे ठेवून बांग ऐकायला येते का याची वाट बघत पडे. शिमगा जवळ आला तशी त्याला दुसरी धाकधूक लागली. शेवटी एका संध्याकाळी त्याने भिंतीकडे बघत विचारलं, "भाऊ, गाडीचं तिकीट..."

"कसला तिकीट?" भाऊ उखडले. "नवस बोलललो कोंबो घेतल्याशिवाय गावाक जाव? राखणदार वाटेत उभो रवान इचारतलो, कोंबो खंय म्हणान. काय सांगू? आधी तेका वाडाक दी."

बॅगेतून दोन लेंगे बाहेर आले आणि बॅग माळ्यावर गेली. ती वर चढवताना सुबोधला स्टूलही लागलं नाही.

शिमगा गेला, पाडवा गेला, आंबे आले आणि संपले. कोंबडा चांगला तांबूस, गुबगुबीत झाला. भाऊंच्या मागे मागे अंगणभर फिरे, त्यांच्या खुर्चीखाली झोपे. आरवत मात्र नव्हता. "लाजता," भाऊ म्हणत. तुरा वाढत नव्हता. "मुंबयची हवा," भाऊ म्हणत. चंद्रप्रकाश दर रविवारी भिंतीवरून कान देऊन जात आणि हात हलवत परत जात.

जून संपता संपता एका सकाळी सुबोध ऑफिसला निघण्याआधी तांदळाच्या कण्या टाकायला अंगणात गेला. जुन्या कूलरच्या मागून कोंबडा उठला, अंग झाडलं आणि मोठमोठ्याने काहीतरी जाहीर करत सगळ्या अंगणाला फेरी घालू लागला. ती बांग नव्हती. सुबोधने कूलरमागे वाकून बघितलं. भुशात एक अंडं होतं. त्याने हात लावला. गरम होतं.

म्हणजे सोसायटीच्या फॉर्मवर लिहिलं होतं तेच खरं होतं. सुबोध अंडं हातात घेऊन वळला तर दारात भाऊ.

भाऊ आले, त्यांनी त्याच्या हातातून अंडं घेतलं आणि बंडीच्या खिशात टाकलं. "बाजारातसून हाडललंय," ते म्हणाले. "हातातसून पडला."

"पडून फुटलं नाही?"

भाऊंनी त्याच्याकडे असं बघितलं की सुबोध पुन्हा दहा वर्षांचा झाला. मग नजर वळवून ते कोंबडीकडे बघत म्हणाले, "कोंबो अजून ल्हान आसा. वरीस तरी लागतला तेका."

वीस वर्षं दावे विभागात काढली होती सुबोधने. इतका धडधडीत खोटा दावा, तोही पुरावा अजून खिशात गरम असताना, त्याच्यासमोर कधी आला नव्हता. त्याने तो जागच्या जागी मंजूर केला.

"हो, भाऊ," तो म्हणाला. "वर्ष तरी लागेलच."

भाऊ आत जायला वळले. पायरीवर थांबून त्यांनी मागे न बघताच विचारलं, "न्ह्यारी केलंस?"